मुद्देमाल

कोर्ट नाक्यावर साडेदहाला आम्ही अकरा जण.
घोषणा नाही, फलक नाही.
चौबळ काठी टेकत आलेत खारेगावहून,
रोझी परेरांनी बाईंसाठी डबा आणलाय.
शिपाई म्हणतो, कोठडीतल्या माणसाला बाहेरचं चालत नाही.
मग तो डबा आम्हीच उघडतो पायऱ्यांवर,
तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरातून एक माणूस गेलंय.
न ओरडता गेलं,
एवढंच आम्हाला सांगायचंय आणि कुणी विचारत नाही.

मी वागळे इस्टेटचा टर्नर, एकतीस वर्षं लेथवर.
केसभर जास्त कापलं गेलं की जॉब भंगारात.
तेव्हा वकीलसाहेब, प्रमाणाबाहेर, प्रमाणाबाहेर
असं जे तुम्ही मघापासून म्हणताय,
ते कशाने मोजलंत?

कुंदाच्या मणक्यात आजार उतरला
तेव्हा तिला चादर सोसत नव्हती.
पंखा लावला तर वारा टोचायचा.
रात्री ती पदराचा बोळा दातांत धरायची,
भिंतीपलीकडे पोराची दहावी होती म्हणून.

डॉक्टर मृदुला कारखानीस
आमचे उथळसरचे तीन जिने चढून आल्या, गुडघ्यावर हात दाबत.
दम खाल्ला, पाणी प्यायल्या, मग विचारलं,
कुंदाताई, रुपयातलं दुखणं किती आणे?
कुंदा म्हणाली, वीस.

गोळी चार तासांनी. झोपली असेल तरी चुकवायची नाही.
गजर लावा. वहीत लिहा.
मी लिहिलं, कारखान्यात लिहायचो तसंच:
वेळ, माप, आणे.
पहिल्या रात्री मीच दचकून उठलो,
घर इतकं गप्प होतं.
नाकाशी बोटं धरली. श्वास चालू होता.
सहाव्या दिवसाखाली लिहिलंय,
चार आणे. वाटाणे सोलले.
दूध उतू गेलं म्हणून मला फाडफाड बोलली.
त्या बोलण्याखाली मी लाल रेघ मारलीय.

ती गेल्यावर बावीस गोळ्या उरल्या.
पुडी बांधून परत नेल्या.
बाईंनी दोनदा मोजल्या, माझी सही घेतली.
ते रजिस्टर आता लाखेच्या सीलात आहे, मुद्देमाल क्रमांक सात.
त्यात एका तारखेवर खाडाखोड आहे.
आहे, मी नाही म्हणत नाही.
परवान्याचा अर्जही कुठल्याशा टेबलावर पडून राहिला.
पण त्या तारखेच्या रात्री बाई तीन घरी जाऊन आल्या होत्या,
तिसरं आमचं.

छापा पडला त्याला चाळीस दिवस झाले.
चरईतला केमिस्ट आता चिठ्ठी हातात घेत नाही,
दुसरे डॉक्टर दुसरीच गोळी लिहितात, तापावरची.
आणि रात्री दोनच्या सुमारास
वरच्या मजल्यावर देवळेकरांचा भाऊ सुरू होतो.
मला आधी मांजर वाटलं.
मी वर जातो, त्याच्या पायाशी बसतो.
किती आणे, हे विचारत नाही.
विचारून त्याला देऊ काय?

सव्वाचारला पुकारा झाला. दोन मिनिटं.
जामिनावर पुढची तारीख.
व्हरांड्यातून नेताना बाई थांबल्या,
हवालदारीण त्यांच्या दंडाला धरून होती.
आमच्याकडे बघून म्हणाल्या,
देवळेकर झोपतात का?
मी मान हलवली. होकार होता की नकार,
माझं मलाच कळलं नाही.
त्यांना कळलं असावं.

पिशवीत वही आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.
ती कुणी जप्त केली नाही, कुणाला हवीही नाही.
मागच्या पानावर लिहून ठेवतो:
मंगळवार, साडेदहा, खोली नंबर चार.
रोझीबाई, पुढच्या खेपेला भाकऱ्या वाढवा.
देवळेकरांची वहिनी येते म्हणालीय,
त्याच्याजवळ बसायला कुणी मिळालं तर.